सुरीविना निर्बीजीकरण : इंजेक्शनाची प्रतीक्षा आणि गोव्याची तयारी

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन महिन्यांच्या आत तीन महत्त्वाचे आदेश दिले. ११ ऑगस्टच्या आदेशाने दिल्ली व परिसरातील कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्यास सांगितले. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध व लसीकरण झाल्यावर कुत्री पकडलेल्या जागीच सोडावीत. रेबीजची लागण झालेली, तसा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे या पीठाने स्पष्ट केले आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. ७ नोव्हेंबर रोजी शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश आले.

आदेशांची दिशा बदलत गेली, तरी एक गृहीतक तिन्हींत कायम राहिले. कुत्र्याला जागीच सोडा वा निवारागृहात ठेवा, त्याचे निर्बीजीकरण झालेच पाहिजे. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. गोव्यात पणजी महापालिका, १३ नगरपालिका आणि १९१ ग्रामपंचायती आहेत. म्हापसा वा मडगावसारख्या पालिकेला थोडीफार यंत्रणा उभारता येईल. पण सत्तरी, सांगे किंवा काणकोणमधील लहान पंचायतीने शस्त्रक्रियागृह, पिंजरे आणि अनुभवी पशुवैद्य आणायचे कोठून? म्हणूनच एका इंजेक्शनात काम भागवणाऱ्या, शस्त्रक्रियाविरहित निर्बीजीकरणाच्या कल्पनेकडे आशेने पाहिले जाते. ही आशा निराधार नाही. मात्र असे इंजेक्शन हाती आले तरी प्रश्नाचा किती भाग सुटेल आणि किती तसाच राहील, याचा हिशेब आताच मांडायला हवा.

शस्त्रक्रिया नेमकी कोठे अडते?

शस्त्रक्रियेच्या परिणामकारकतेविषयी वाद नाही. ती एकदाच करावी लागते आणि तिचा परिणाम आयुष्यभर टिकतो. मादीचे गर्भाशय व बीजांडकोश काढल्याने गर्भाशयात पू होण्याच्या जीवघेण्या विकाराचा धोकाही टळतो. अडचण आहे ती वेगाची. कुत्रे पकडायचे, केंद्रात न्यायचे, उपाशी ठेवायचे, भूल द्यायची, शस्त्रक्रिया करायची, त्यानंतर किमान ४ दिवस देखरेखीखाली ठेवायचे आणि पुन्हा मूळ जागी नेऊन सोडायचे, असा हा क्रम आहे. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ ची सारी रचना याच क्रमावर उभी आहे.

साधे गणित करून पाहू. एखाद्या केंद्रात ५० पिंजरे असतील आणि एका कुत्र्यामागे एक पिंजरा ५ दिवस अडकत असेल, तर रोज १० कुत्र्यांचीच सोय होते. वर्षात एकही दिवस खंड पडला नाही, एकही पशुवैद्य रजेवर गेला नाही, तरी आकडा ३,६५० च्या पुढे जात नाही. याउलट गोव्यात रेबीजविरोधी मोहिमेत वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचण्यात आली आहे. लस दरवर्षी द्यावी लागते आणि शस्त्रक्रिया एकदाच, हा फरक लक्षात घेतला तरी दोन्ही कामांच्या वेगातील तफावत डोळ्यांत भरण्याजोगी आहे. लसीचे काम रस्त्यावरच काही मिनिटांत आटोपते. शस्त्रक्रियेसाठी कुत्र्याला जवळजवळ आठवडाभर सांभाळावे लागते.

हा वेग महत्त्वाचा ठरतो तो कुत्रीच्या प्रजननामुळे. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि एका वेतात अनेक पिल्ले होतात. मांजरीचे चक्र याहूनही जलद. एकाच वर्षात तिची एकापेक्षा अधिक वेते होऊ शकतात. एका वाड्यावरील निम्म्या माद्यांचे काम करून पथक पुढे गेले आणि वर्षभराने परतले, तर उरलेल्या माद्यांनी मधल्या काळात ती कमाई पुसून टाकलेली असते. म्हणजे अर्धवट वेगाने केलेल्या कामाचे फळ अर्धे मिळत नाही. पुष्कळदा ते शून्याच्या जवळ जाते.

आजवरची इंजेक्शने आणि त्यांच्या मर्यादा

शस्त्रक्रियेविना निर्बीजीकरणाचे प्रयत्न अनेक दशकांचे आहेत. सर्वांत जुना मार्ग नराच्या वृषणात रसायन टोचण्याचा. झिंक ग्लुकोनेटच्या अशा इंजेक्शनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये ३ ते १० महिने वयाच्या पिल्लांसाठी मान्यता दिली होती. पुढे ते वेगवेगळ्या नावांनी बाजारात आले, तरी तेथे रुजले नाही. गॅलापागोस द्वीपसमूहातील इसाबेला बेटावर १०३ नर कुत्र्यांना ते देण्यात आले, तेव्हा ४ कुत्र्यांत टोचलेल्या जागी ऊती सडण्याचा गंभीर त्रास उद्भवला. त्याच बेटावर शस्त्रक्रिया झालेल्या ५८ कुत्र्यांपैकी दोघांचे टाके उसवले. प्रमाण साधारण सारखेच; पण इंजेक्शन म्हणजे पूर्णपणे निर्धोक, हा समज त्यातून दूर व्हावा.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. पश्चिम बंगालमधील विद्यासागर विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅल्शियम क्लोराइडचे एकच इंजेक्शन देऊन भटक्या नर कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या रसायनामुळे त्याकडे जगाचे लक्ष गेले. तथापि, या दोन्ही उपायांची मूळ मर्यादा एकच आहे : ते केवळ नरांसाठी आहेत. वाड्यावरील दहापैकी नऊ नर वंध्य केले तरी उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरेसा ठरतो, आणि शेजारच्या वाड्यावरून येणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. लोकसंख्येची गती माद्यांच्या हाती असते.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा. प्रजननाची आज्ञा मेंदूतून सुटणाऱ्या एका संप्रेरकाद्वारे पियुषिका ग्रंथीला मिळते आणि तेथून ती बीजांडकोश वा वृषणापर्यंत पोहोचते. ही साखळी मध्येच तोडली, तर प्रजनन थांबते. त्वचेखाली बसवायची डेस्लोरेलिनची तांदळाएवढी कांडी हेच काम करते. युरोपात ती नर कुत्र्यांसाठी वापरली जाते. मात्र तिचा परिणाम मात्रेनुसार सहा महिने किंवा वर्षभरच टिकतो. घरच्या पाळीव कुत्र्यासाठी ती सोयीची आहे. हरमलच्या किनाऱ्यावरील कुत्रे दर वर्षी त्याच कांडीसाठी कोण शोधून आणणार? मादी माजावर येऊ नये म्हणून दिली जाणारी प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषधे स्वस्त असली, तरी त्यांच्या दीर्घ वापराने गर्भाशयाचे आजार व स्तनांच्या गाठी यांचा धोका वाढतो.

तिसरा मार्ग लसीचा. त्याच मेंदूतील संप्रेरकाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे निर्माण करणारी ‘गोनाकॉन’ ही लस अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वन्यजीव संशोधन केंद्राने विकसित केली. हरिणांसाठी आणि नंतर मोकाट घोड्यांसाठी तिला तेथे मान्यता मिळाली. प्रयोगशाळेतील मांजरींवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी ९३ टक्के मांजरी वंध्य राहिल्या. पाचव्या वर्षापर्यंत हे प्रमाण २७ टक्क्यांवर आले. २०१८ मध्ये मात्र मोकाट मांजरांच्या वसाहतीसारखी परिस्थिती निर्माण करून तीच लस तपासली, तेव्हा वर्षभरातच सुमारे ७० टक्के मांजरी गाभण राहिल्या. प्रयोगशाळेतील यश रस्त्यावर उतरताना किती विरळ होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सहा मांजरी आणि एक मोठी शक्यता

खरी आशा जागवली ती २०२३ च्या एका प्रयोगाने. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल आणि सिनसिनाटी प्राणिसंग्रहालय यांच्या संशोधकांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. बीजांडकोशातील बीजपुटिकांची वाढ रोखणारे एक नैसर्गिक संप्रेरक आहे. त्याची निर्मिती करणारे जनुक निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने मांजरीच्या स्नायूंत पोहोचवण्यात आले. स्नायूच त्या संप्रेरकाचा कारखाना बनले. ज्या सहा मांजरींना हे एकच इंजेक्शन दिले, त्यांपैकी एकही दोन वर्षांच्या निरीक्षणकाळात गाभण राहिली नाही. न टोचलेल्या तिन्ही मांजरींना मात्र त्याच बोक्यांपासून पिल्ले झाली.

मादीसाठी, एकाच मात्रेत, दीर्घकाळ टिकणारा उपाय म्हणून या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. त्याच वेळी त्याची मर्यादाही आकड्यातच लिहिलेली आहे. प्रयोग सहा मांजरींवर झाला, तोही नियंत्रित वातावरणात, कुत्र्यांवर नव्हे. असे विषाणुवाहक तयार करणे आज खर्चिक आहे, आणि हजारो मात्रा पंचायतीला परवडतील अशा दरात बनवणे हे स्वतंत्र आव्हान आहे. भारतात वापरण्यापूर्वी येथील औषध नियंत्रण यंत्रणेची मंजुरी लागेल, ती वेगळीच.

या क्षेत्राची गती किती आहे, हे एका पारितोषिकावरून कळते. अमेरिकेतील मायकेलसन प्रतिष्ठानाने २००८ मध्ये २.५ कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर केले. अटी स्पष्ट होत्या : एकच मात्रा, कायमचा परिणाम, कुत्री व मांजरे आणि नर व मादी अशा सर्वांसाठी सुरक्षित, परवडणारी आणि रस्त्यावर देता येण्याजोगी. त्यासोबत संशोधनासाठी ५ कोटी डॉलरपर्यंतच्या अनुदानाची सोय करण्यात आली. संशोधन पुष्कळ झाले, ज्ञान वाढले. सर्व अटी पूर्ण करणारे औषध मात्र अद्याप बाजारात आलेले नाही. त्यामुळे कोणत्याही पंचायतीने आपले आजचे नियोजन उद्याच्या इंजेक्शनावर बेतणे शहाणपणाचे ठरणार नाही.

रेबीजमुक्तीचा धागा

गोव्याच्या दृष्टीने या चर्चेला आणखी एक पदर आहे. कुत्र्यांची संख्या हा येथे उपद्रवाचा विषय आहेच. त्याहून अधिक तो मानवी जीविताचा आहे. २०१३ ते २०१९ या काळात राज्य सरकार आणि मिशन रेबीज यांच्या संयुक्त मोहिमेने ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचवली. स्मार्टफोनवरील नोंदींच्या आधारे पथके वाड्यावाड्यांत फिरली, दर वर्षी दीड लाख मुलांना रेबीजविषयी शिकवले गेले, आणि कुत्र्यांतील रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी घटल्या. २०१८ व २०१९ मध्ये राज्यात रेबीजने एकाही माणसाचा मृत्यू झाला नाही. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होणारे देशातील पहिले राज्य ठरले.

हे यश टिकवण्याशी प्रजननाचा थेट संबंध आहे. समजा, एका गावातील १०० कुत्र्यांपैकी ७० कुत्र्यांना लस दिली. भटक्या कुत्र्यांचे आयुष्य अल्प असते. वर्षभरात त्यांतील ३० मेली आणि तेवढीच नवी पिल्ले आली, असे धरू. कुत्र्यांची संख्या १०० च राहिली, पण लसीचे संरक्षण असलेली कुत्री ४९ वर आली. विषाणूची साखळी रोखण्यासाठी लागणारी पातळी एका वर्षात हातची गेली. म्हणूनच लसीकरणाचा खर्च दर वर्षी नव्याने करावा लागतो. जन्म कमी झाले, तर कुत्री अधिक काळ जगतात, लसवंत कुत्र्यांचे प्रमाण टिकते आणि त्याच पैशात अधिक सुरक्षितता मिळते. निर्बीजीकरण आणि लसीकरण हे एकाच कामाचे दोन हात आहेत.

याचा पुरावा देशातच आहे. जयपूरमध्ये १९९४ पासून चाललेल्या उपक्रमात माद्यांवर भर देण्यात आला. सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाल्यावर तेथील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटल्याची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. शेजारच्या भूतानने २००९ पासून चिकाटीने काम केले आणि २०२३ मध्ये देशातील सर्व भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. दीड लाखांहून अधिक कुत्र्यांवर तेथे शस्त्रक्रिया झाल्या. या दोन्ही ठिकाणी कोणतेही नवे औषध नव्हते. सातत्य, माद्यांना प्राधान्य आणि नोंदी होत्या.

इंजेक्शन आल्यावर मोजणार काय?

उद्या प्रभावी इंजेक्शन आलेच, तर सर्वांत मोठा लाभ गोव्यासारख्या राज्याला होऊ शकतो. लसीकरणासाठी कुत्री पकडणारी जाळी, प्रशिक्षित हात आणि वाडानिहाय नोंदी येथे आहेत. रेबीजची लस टोचताना त्याच क्षणी दुसरी सुई टोचता आली, तर पिंजरे आणि चार दिवसांची देखरेख यांची गरजच संपेल. तरीही तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतील.

पहिला प्रश्न ओळखीचा. शस्त्रक्रियेच्या वेळी कुत्रा भुलीत असतानाच त्याच्या कानाला खूण केली जाते. लांबूनही निर्बीजीकरण झालेले कुत्रे ओळखू येते. इंजेक्शनाला भूल लागणार नाही, आणि शुद्धीवर असलेल्या प्राण्याचा कान कापणे क्रूरपणाचे ठरेल. लसीकरणाच्या वेळी लावला जाणारा रंग काही दिवसांत निघून जातो. टिकाऊ, वेदनारहित आणि दुरून दिसणारी खूण नसेल, तर एकाच कुत्र्याला पुनःपुन्हा सुई टोचली जाईल आणि दुसरे राहून जाईल.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. आज कंत्राटदार संस्थेचे देयक मंजूर करण्यापूर्वी काढलेल्या अवयवांची मोजणी केली जाते. ही पद्धत ऐकायला विचित्र वाटली तरी तिच्यामुळे खोट्या आकड्यांना काही प्रमाणात आळा बसतो. इंजेक्शनाच्या कुपीत असा पुरावा राहत नाही. रिकाम्या कुप्या मोजून सार्वजनिक पैसा खर्च करायचा, की छायाचित्र, स्थळनोंद आणि नंतरची नमुना तपासणी यांची सक्ती करायची, हे नियमांत आधीच ठरले पाहिजे.

तिसरा प्रश्न औषध देण्याच्या पद्धतीचा. कुत्रे पकडण्याऐवजी आमिषातून औषध द्यावे, ही सूचना वारंवार पुढे येते. भटक्या कुत्र्यांपर्यंत आमिषातून लस पोहोचवता येईल का, याचा औषधविरहित आमिष वापरून केलेला अभ्यास गोव्यातच झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रेबीजच्या बाबतीत हा मार्ग आश्वासक आहे. प्रजनन थांबवणाऱ्या औषधाच्या बाबतीत मात्र धोका वेगळा आहे. तेच आमिष कोल्हा, ऊदमांजर किंवा कोणाचे पाळीव जनावर खाऊ शकते, आणि कोणत्या कुत्र्याने किती खाल्ले हे कळत नाही.

प्रतीक्षेच्या काळातील काम

कोणतेही तंत्र आले तरी कुत्र्यांची संख्या अखेर त्यांना मिळणाऱ्या अन्नावर ठरते. किनारपट्टीवर हे चित्र ठळकपणे दिसते. पर्यटन हंगामात शॅकच्या उष्ट्यावर पोसलेली कुत्री पावसाळ्यात शॅक बंद झाल्यावर उपाशी पडतात, टोळ्यांनी गावात शिरतात. मोरजी, आगोंदच्या वाळूत कासवांची अंडी उकरणाऱ्या कुत्र्यांपासून घरट्यांना कुंपण घालावे लागते. मासळीबाजारातील टाकाऊ भाग उघड्यावर राहतो तेथे मांजरांची फौज उभी राहते. कचरा प्रकल्पापर्यंत न पोहोचणारा प्रत्येक ढीग म्हणजे पुढच्या वेताची तरतूद असते.

त्यामुळे करण्याजोग्या कामांची यादी इंजेक्शनाविनाही पुरेशी लांब आहे. लसीकरणाच्या पथकांनी जमवलेल्या नोंदींतून प्रत्येक पंचायतीला आपल्या हद्दीतील माद्यांचा आकडा द्यावा. लहान पंचायतींनी स्वतंत्र केंद्राचे स्वप्न पाहण्याऐवजी तालुकानिहाय एक केंद्र आणि एक फिरते पथक एकत्र मिळून चालवावे. सर्व गावांत थोडे थोडे काम करण्यापेक्षा एका वाड्यावरील बहुतेक माद्या पूर्ण करूनच पथकाने पुढे सरकावे. शॅकचे परवाने देताना उष्ट्याच्या विल्हेवाटीची आणि हंगामानंतर मागे राहणाऱ्या कुत्र्यांची जबाबदारी निश्चित करावी. मांजरांची आजवर कोणी धड मोजणीही केलेली नाही. त्यांच्यासाठी सुरुवात तेथूनच व्हावी.

राज्याची सीमा कुत्र्यांना ठाऊक नसते. पत्रादेवी, दोडामार्ग, चोर्ला किंवा पोळे येथून येणारे लस न दिलेले एक कुत्रेही वर्षांची मेहनत धोक्यात आणू शकते. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांच्या प्रशासनांशी संयुक्त वेळापत्रक आखल्याविना गोव्याचे कवच सीमेवर तोकडेच पडणार.

शस्त्रक्रियाविरहित निर्बीजीकरणाचे संशोधन योग्य दिशेने चालले आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे. ते हाती येईल तेव्हा शस्त्रक्रियागृहाचा आणि पिंजऱ्यांचा अडसर दूर होईल. कुत्रे पकडणे, ओळखणे, नोंदवणे आणि कचरा उचलणे ही कामे मात्र तशीच राहतील. ज्या पंचायतीने ती आज सुरू केली असतील, तिलाच त्या इंजेक्शनाचा उपयोग होईल. इतरांकडे औषधाच्या पेट्या पोहोचतील, आणि कोणाला टोचायचे हे सांगणारी वही कोरीच असेल.